ट्रॅक डे : वेगाची हौस आणि शिल्लकेचे गणित

मोटारीचा वेगमापक तुम्ही कधी नीट निरखून पाहिला आहे का? त्यावर बहुधा ताशी २०० किलोमीटरपर्यंतचे, कधी त्याच्याही पुढचे आकडे छापलेले असतात. काटा मात्र सहसा ८० किंवा १०० च्या पुढे जात नाही, आणि जाऊही नये. तरीसुद्धा ते उरलेले आकडे अनेकांना, विशेषतः तरुणांना, खुणावत असतात. आपली मोटार किंवा मोटारसायकल खरोखर किती पळते, हे एकदा तरी पाहावे असे त्यांना वाटते. ही हौस कोणी सार्वजनिक रस्त्यावर भागवू लागला, तर काय होते ते वेगळे सांगायला नको. २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात दगावली. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे त्यांतील दर दहापैकी सात मृत्यूंशी अतिवेगाचा संबंध होता.

मग वेगाची हौस असणाऱ्यांनी जायचे तरी कुठे? या प्रश्नाचे एक उत्तर जगभर रूढ झाले आहे. ते म्हणजे 'ट्रॅक डे'. शर्यतींसाठी बांधलेला मार्ग, म्हणजेच ट्रॅक, ज्या दिवशी शर्यत नसते त्या दिवशी ठरावीक शुल्क घेऊन सामान्य चालकांना खुला करतात. आपापली मोटार किंवा मोटारसायकल घेऊन यायचे, सूचना ऐकायच्या आणि पाळीपाळीने मार्गावर फेऱ्या मारायच्या. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन आणि ब्रँड्स हॅच येथे असे दिवस नेहमी भरतात. आपल्या देशात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० साली सुरू झालेला सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा ट्रॅक आहे. कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडा येथे २०११ साली खुला झालेला ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध ट्रॅक आहे. अशा ठिकाणी ट्रॅक डे झाले आहेत आणि पुण्या-मुंबईचे हौशी चालकही त्यांसाठी दूरवर प्रवास करून गेले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तेथे पहिला नंबर नसतो, पेला नसतो, बक्षीस नसते. तरीही वेग असतोच. मग शर्यतीच्या ट्रॅकवर सामान्य माणसाने सामान्य मोटार चालवणे कितपत सुरक्षित आहे? काही जण म्हणतात, "ट्रॅक म्हटला की धोका संपला." काही जण म्हणतात, "ट्रॅक म्हणजे मरणाची जागा." ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातील गतीचे नियम हाताशी घेऊन आपणच या प्रश्नाचा निवाडा करू या.

ट्रॅकवर काय नसते?

रस्त्यावर वाहनचालकाला सर्वांत मोठा धोका असतो तो अनपेक्षित गोष्टींचा. समोरून येणारा ट्रक, अचानक आडवी येणारी म्हैस, कडेचे वडाचे झाड, विजेचा खांब, रस्ता ओलांडणारे मूल. ट्रॅकवर यांपैकी काहीही नसते. सर्व वाहने एकाच दिशेने जातात. यामुळे काय फरक पडतो? दोन वाहने समोरासमोरून प्रत्येकी ताशी ८० किलोमीटर वेगाने येत असली, तर त्यांचा एकमेकांसापेक्ष वेग ताशी १६० किलोमीटर होतो. ट्रॅकवर एक मोटार १८० ने आणि दुसरी १५० ने त्याच दिशेने जात असेल, तर सापेक्ष वेग अवघा ३० असतो. दोघी खूप वेगात असूनही एकमेकींच्या दृष्टीने त्या जवळजवळ संथ असतात.

पण हे बोलणे कुठपर्यंत खरे? पुढची मोटार चालत आहे तोपर्यंत. तीच मोटार गिरकी घेऊन वाटेत आडवी थांबली, की सापेक्ष वेग एका क्षणात ३० वरून १८० वर जातो. म्हणजे ट्रॅकने धोक्याची बरीच कारणे काढून टाकली आहेत. वेगाचा धोका मात्र जेथल्या तेथे आहे. तो किती, ते आता मोजू.

वेगाचा वर्ग

गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे. या सूत्रातला 'वर्ग' हा शब्द चालकाने कधीही विसरू नये. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. वेग तिप्पट झाला की ऊर्जा नऊपट.

कोरड्या डांबरी मार्गावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.८ धरू. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० मीटर प्रतिसेकंद वर्ग घेऊ. म्हणजे मोटार जास्तीत जास्त ८ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतक्या दराने वेग कमी करू शकेल. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले या दराची दुप्पट. आता हिशेब करा.

ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे १७ मीटर.
ताशी १२० किलोमीटर वेगाला सुमारे ६९ मीटर.
ताशी १८० किलोमीटर वेगाला सुमारे १५६ मीटर.

शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी १८० किलोमीटर वेगाने त्या एका सेकंदात मोटार ५० मीटर पुढे गेलेली असते. एकूण अंतर दोनशे मीटरच्या वर गेले! शाळेच्या मैदानावर १०० मीटर धावण्याची रेषा आखतात, तिच्या दुपटीहून अधिक. मार्ग पावसाने ओला असेल आणि घर्षणांक निम्म्यावर, म्हणजे ०.४ वर आला असेल, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होते.

घर्षणाची पुंजी

ट्रॅकवर सरळ पट्टे थोडे आणि वळणे पुष्कळ. वळणावर मोटारीला वर्तुळाकार मार्गावर ठेवण्यासाठी केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते. सपाट मार्गावर हे बल देणारे एकच कोणी असते, ते म्हणजे टायर आणि डांबर यांच्यामधील घर्षण. एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग तुमच्या तळहाताएवढा असतो. असे चार तळहात एक टनाहून जड मोटार वळणावर धरून ठेवतात!

वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे असे समजा. लागणारे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. घर्षण ८ मीटर प्रतिसेकंद वर्गापर्यंत पुरते. म्हणून वेगाचा वर्ग ४०० पर्यंत चालेल. वेग २० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. आता चालकाने फक्त दहा टक्के अधिक वेग ठेवला, ताशी ७९. लागणारे बल दहा नव्हे, तर एकवीस टक्क्यांनी वाढले. ते द्यायला टायरकडे काही उरलेले नाही. मोटार वळण सोडून बाहेर जाते. 'थोडेसेच तर जास्त होते' ही चालकाची समजूत, आणि निसर्ग मात्र वर्ग करून हिशेब मांडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. घर्षण ही एक पुंजी आहे असे माना. तीच पुंजी ब्रेक लावायला वापरायची, तीच वेग वाढवायला आणि तीच वळायलाही. ब्रेकचे बल मागच्या दिशेने आणि वळणाचे बल बाजूला, म्हणजे ही दोन्ही बले परस्परांशी काटकोन करतात. त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते. एकूण पुंजी ५ असेल आणि वळण्यात ४ खर्च होत असतील, तर ब्रेकसाठी ३ उरतात; कारण ३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग म्हणजे ५ चा वर्ग. वळण्यातच पूर्ण ५ खर्च झाले, तर ब्रेकसाठी शून्य! अशा वेळी जोरात ब्रेक दाबणे म्हणजे खात्यात पैसे नसताना चेक फाडणे.

हे घरी करून पाहा. पुठ्ठ्याच्या कडक बांधणीच्या वहीवर पाच रुपयांचे नाणे ठेवा आणि वहीची एक बाजू हळूहळू उचला. नाणे घसरायच्या बेतात आले की थोडे खाली आणून वही स्थिर धरा. नाणे जागेवर आहे. घर्षण त्याला उतारावर धरून आहे. आता पेन्सिलीच्या टोकाने नाण्याला हळूच आडवे, फक्त बाजूच्या दिशेने ढकला. नाणे नुसते आडवे जाणार नाही. ते तिरपे खाली घसरेल. तुम्ही खाली तर ढकलले नव्हते! पण आडव्या घसरण्याला विरोध करण्यात घर्षणाची पुंजी खर्च झाली आणि उतारावर धरून ठेवायला पुरेशी उरली नाही. वळणावर घसरणाऱ्या मोटारीचे नेमके हेच होते.

नवख्या चालकाची एक सहजप्रवृत्ती येथे घात करते. वळणात वेग जास्त वाटला की तो घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढतो किंवा ब्रेकवर आदळतो. वेग एकदम कमी होऊ लागला की मोटारीचा भार पुढच्या चाकांवर जातो. बस थांबताना तुम्ही पुढे झुकता, तसेच हे. मागच्या चाकांवरचा भार कमी झाला की त्यांचे घर्षणही कमी होते, आणि मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊन ती गिरकी घेते. म्हणून ट्रॅक डेला शिकवणारे प्रशिक्षक पहिला धडा देतात तो हाच : वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यावर. ब्रेक कोठे लावायचा, स्टिअरिंग कोठे फिरवायचे आणि वळणाच्या आतल्या कडेला कोठे यायचे, हे दाखवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी मार्गाच्या कडेला रंगीत शंकू ठेवलेले असतात.

उष्णतेचा हिशेब

ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही शिकला आहात. मग ब्रेक लावल्यावर गतिज ऊर्जा जाते कोठे? ती उष्णता होते. चालकासह १,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी १८० वरून ताशी ७२ वर आणली, तर १२ लाख ६० हजार ज्यूल इतकी उष्णता निर्माण होते. सुमारे चार लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला एवढी उष्णता पुरेल, आणि ही निर्माण होते अवघ्या चार सेकंदांत. ब्रेकच्या लोखंडी भागांचे एकूण वस्तुमान ३० किलोग्रॅम धरले, तर एका ब्रेकने त्यांचे तापमान सुमारे ९० अंश सेल्सियसने चढते. रस्त्यावर पुढचा जोराचा ब्रेक लागेपर्यंत ते निवतात. ट्रॅकवर अर्ध्या मिनिटात पुढचे वळण येते, मग त्याच्या पुढचे. काही उष्णता हवेत जाते. उरलेली साठत राहते.

याचा परिणाम भलत्याच ठिकाणी दिसतो. पायाने दिलेला दाब चाकांपर्यंत पोहोचवण्याचे काम ब्रेकच्या नळ्यांतील द्रव करतो. हा पास्कलचा नियम. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच ही युक्ती चालते. 'डॉट-३' या प्रतीच्या नव्या ब्रेक-द्रवाचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. पण हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो, आणि जुना, ओलसर झाला की त्याचा उत्कलनांक १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. अतितापलेल्या ब्रेकजवळ असा द्रव उकळला, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ हा वायू. तो सहज दाबला जातो. चालकाने ब्रेक दाबला की पाय तळापर्यंत जातो आणि मोटार तशीच पुढे जाते. रोज बाजारात आणि ऑफिसात जाणाऱ्या मोटारीत हा दोष वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. ट्रॅकवर तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच उघडा पडतो. म्हणून ट्रॅकवर जाणारे जाणकार आधी ब्रेक-द्रव बदलून घेतात आणि शेवटची फेरी मुद्दाम सावकाश मारून ब्रेक निववतात.

टायरचेही तसेच. पेट्रोलपंपावर '३२ पौंड हवा' भरतात, ती वातावरणाच्या दाबावरची असते. त्यात वातावरणाचे सुमारे १५ मिळवले की खरा दाब ४७. टायरचे तापमान ३० अंशांवरून ८० अंशांवर गेले, की केल्व्हिनमध्ये ३०३ चे ३५३ होतात. आकारमान जवळपास तेवढेच राहते, म्हणून दाब त्याच प्रमाणात वाढून सुमारे ५५ होतो. मापकावर तो ४० दिसेल. टायर मध्यभागी फुगतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि पकड घटते. सकाळी जे वळण ताशी ७२ ने सुखरूप पार झाले, तेच काही फेऱ्यांनंतर त्याच वेगाला दगा देऊ शकते.

थांबायला जागा

आता ट्रॅककडे वळू. एवढे सगळे करूनही मोटार वळणाबाहेर गेली तर? येथेच रस्ता आणि ट्रॅक यांतला खरा भेद आहे. रस्त्याबाहेर झाड असते; चांगल्या ट्रॅकबाहेर मोकळी जागा असते.

जागेचे मोल हिशेबानेच कळेल. मोटार २० मीटर प्रतिसेकंद वेगाने भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग चेपत ती अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतील माणसाला गुरुत्वीय त्वरणाच्या ४० पट झटका बसतो. त्याच भिंतीपुढे जुन्या टायरची जाड रास असेल आणि मोटार दोन मीटरमध्ये थांबली, तर झटका १० पटींवर येतो. आणि बाहेर ५० मीटरची मोकळी जागा असेल, तर तोच वेग नेहमीच्या ब्रेकने २५ मीटरमध्ये संपतो. माणसाला ओरखडाही येत नाही. ऊर्जा तीच, अंतर वेगळे. वळणाबाहेरच्या खडीच्या खाचराचेही काम हेच : चाके खडीत रुततात आणि वेग उतरतो. मोटारसायकलस्वाराला तर या जागेची गरज अधिकच. त्याच्याभोवती चेपणारा पत्रा नसतो. जाड चामड्याचा पोशाख घालून तो डांबरावरून घसरत गेला तर पुष्कळदा उठून चालू लागतो. घसरताना वाटेत कठीण वस्तू आली, की मात्र कठीण.

ही अक्कल मोटारशर्यतींना फार महागात मिळाली. फ्रान्समध्ये ल माँ येथे ११ जून १९५५ रोजी एका मोटारीचे तुकडे प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मेली. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथील शर्यतीत पहिल्याच फेरीत मुसळधार पाऊस आला आणि स्कॉटलंडचा जॅकी स्ट्युअर्ट मार्गाबाहेर फेकला गेला. त्या मार्गाच्या कडेला शेते, खांब आणि घरे होती. गळणाऱ्या पेट्रोलने भिजलेल्या स्थितीत तो सुमारे पंचवीस मिनिटे मोटारीत अडकून पडला. त्याला सोडवायला धावून आलेल्या सहचालकांपाशी हत्यार नव्हते. एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणावा लागला. तेव्हापासून स्ट्युअर्टने कठडे, मोकळी जागा, अग्निशामक आणि डॉक्टर यांसाठी चळवळच सुरू केली. अनेकांनी त्याला भित्रा म्हटले. आज प्रत्येक चांगल्या ट्रॅकवर त्या 'भित्रेपणा'ची फळे दिसतात.

जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचे उदाहरण तर मोठे बोलके आहे. तेथील 'नॉर्डश्लायफे' हा डोंगर-जंगलातून जाणारा मार्ग १९२७ साली सुरू झाला. स्ट्युअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटले होते. १ ऑगस्ट १९७६ रोजी तेथे निकी लाउडाच्या मोटारीला आग लागली आणि त्याला बाहेर ओढले ते मागून येणाऱ्या इतर चालकांनी. तेव्हा २२.८ किलोमीटर लांब असलेल्या त्या मार्गाच्या प्रत्येक वळणावर बंब आणि डॉक्टर ठेवणार कसे? त्या वर्षानंतर फॉर्म्युला वनच्या शर्यती त्या मार्गावरून कायमच्या गेल्या. पण गंमत पाहा! आज सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा तो मार्ग ठरलेल्या वेळी पैसे भरून सर्वसामान्य वाहनांना खुला असतो. पुष्कळ ठिकाणी लोखंडी कठडा मार्गाच्या अगदी लगत आहे. कायद्याने तो एकदिशा टोलरस्ता धरला जातो आणि वाहतुकीचे नियम तेथेही लागू असतात. शर्यतीतल्या अव्वल चालकांना जी जागा अपुरी ठरली, तीच हौशी चालकाला मोकळे रान वाटते. म्हणून 'ट्रॅक' हा शब्द ऐकून निश्चिंत होऊ नका. 'वळणाबाहेर जागा किती?' हे आधी विचारा.

मोटारीतला माणूस

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमाँ ग्रोजाँ या फ्रेंच चालकाची मोटार ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली, दुभंगली आणि पेटली. गुरुत्वीय त्वरणाच्या ६७ पट झटका बसूनही तो सुमारे २८ सेकंदांनी आगीतून चालत बाहेर आला. हात भाजले, पण जीव वाचला. दूरचित्रवाणीवर हे पाहून कोणाला वाटेल की आता मोटारशर्यतीत काही भीती उरली नाही. पण त्याला वाचवले कोणी? २०१८ पासून सक्तीच्या झालेल्या, डोक्याभोवतीच्या 'हॅलो' नावाच्या मजबूत धातूच्या कमानीने, अनेक पदरी पट्ट्यांनी, आगरोधक पोशाखाने, आणि मानेच्या आधाराने.

मानेच्या या आधाराला 'हान्स' म्हणतात. डोके आणि हेल्मेट मिळून सहा किलोग्रॅम धरा. ४० पट झटक्याला मानेवर २४० किलोग्रॅम वजनाएवढा ताण येतो! खांदे पट्ट्यांनी बांधलेले आणि डोके मोकळे, म्हणजे हा सगळा ताण मानेवर. खांद्यांवर बसणारी आणि हेल्मेटला दोऱ्यांनी जोडलेली ही कॉलर अमेरिकेतील रॉबर्ट हबर्ड या अभियंत्याने जिम डाउनिंग या चालकाबरोबर तयार केली. फॉर्म्युला वनमध्ये ती २००३ पासून सक्तीची झाली.

सामान्य मोटारीत यांपैकी काय असते? तीन टोकांचा पट्टा, हवेच्या पिशव्या आणि पुढचा चेपणारा भाग. रस्त्यावरच्या वेगांसाठी ही उत्तम साधने आहेत. पण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, हे ती साधने बदलू शकत नाहीत. अर्धवट सुधारणाही घातक ठरतात. शर्यतीचे पट्टे बसवले, पण छताला आधार देणारा लोखंडी पिंजरा बसवला नाही, तर मोटार उलटून छत चेपताना चालक ताठ जखडलेला राहतो; त्याला बाजूला झुकताही येत नाही.

नियम आणि झेंडे

चांगल्या ट्रॅक डेचे नियम पाहा, त्यांत आतापर्यंतचे सगळे भौतिकशास्त्र दिसेल. सकाळी सर्वांना सूचना ऐकाव्याच लागतात. नवखे आणि अनुभवी यांचे गट वेगळे करतात, म्हणजे सापेक्ष वेग कमी राहतो. पुढे जायचे ते सरळ पट्ट्यावर, आणि पुढच्याने वाट दिल्यावरच. कारण वळणात त्याची घर्षणाची पुंजी आधीच खर्च झालेली असते. एक पाळी बहुधा पंधरा-वीस मिनिटांचीच, म्हणजे ब्रेक, टायर आणि चालकाचा मेंदू या तिघांनाही निवायला वेळ मिळतो. पुष्कळ ठिकाणी वेळ मोजण्यास मनाई असते. घड्याळ आले की शर्यत आली.

मार्गाच्या कडेला झेंडेवाले उभे असतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका. वेग कमी करा, कोणालाही ओलांडू नका. लाल म्हणजे सर्वांनी सावकाश परत या. निळा म्हणजे मागून वेगवान वाहन येत आहे. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा म्हणजे मार्ग निसरडा आहे. काळा म्हणजे, महाशय, तुम्ही बाहेर या! ताशी १८० ने जाताना २०० मीटर आधी धोका कळला पाहिजे, हे आपण मोजले. वळणापलीकडचे चालकाला दिसत नाही, झेंडेवाल्याला दिसते. तो चालकाचा लांबवलेला डोळाच आहे.

मग उत्तर काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ट्रॅक डे किती सुरक्षित? रस्त्यावर वेगाने जाण्यापेक्षा तो पुष्कळ बरा. आणि मुख्य म्हणजे तेथे वेगाची हौस नसलेल्या वाटसरूचा जीव पणाला लागत नाही. पण तो निर्धोक मात्र नाही. आयोजक प्रवेशाआधी जबाबदारीपत्रावर सही घेतात ती उगीच नव्हे, आणि नेहमीचा मोटारविमाही तेथले नुकसान बहुधा भरून देत नाही. ट्रॅक तुम्हाला जागेची शिल्लक देतो. घर्षणाची आणि उष्णतेची शिल्लक मात्र चालकाने स्वतः ठेवायची असते. पुंजी पाच असताना चारच खर्च करणारा चालक संध्याकाळी आपल्याच मोटारीतून घरी जातो. पाचही खर्च करणाऱ्याचे भवितव्य तेलाच्या एका थेंबावर अवलंबून असते.

आणखी एक इशारा. ट्रॅकवर शिकलेले कौशल्य रस्त्यावर आपोआप उपयोगी पडते असे समजू नका. नॉर्वेमध्ये १९८० च्या दशकात नव्या चालकांना निसरड्या मार्गावर मोटार सावरण्याचे शिक्षण दिले गेले, तेव्हा तरुण पुरुषांचे तशा मार्गांवरील अपघात घटण्याऐवजी वाढलेले आढळले. कौशल्य थोडे वाढले होते, पण आत्मविश्वास त्याहून अधिक वाढला होता!

तुमच्यापैकी बहुतेकांना वाहन परवाना मिळायला अजून काही वर्षे आहेत. तोवर हे एक गणित सोडवून ठेवा. ५० मीटर त्रिज्येचे तेच वळण, पण पहिल्या पावसाने ओले झालेले, घर्षणांक ०.४. जास्तीत जास्त किती वेगाने ते पार करता येईल? उत्तर ताशी ५१ किलोमीटरच्या आसपास यायला हवे. ते आले, की दुसरा प्रश्न स्वतःला विचारा : मग मी त्या वळणावर किती वेग ठेवीन? या दुसऱ्या प्रश्नाला ५१ हे उत्तर देणाऱ्याला वर्गात पूर्ण गुण मिळतील. वाहन मात्र त्याच्या हाती देऊ नये.